हवामानबदल माणसामुळेच कशावरून? काकांना देण्यासारखं उत्तर हवंय

चहाबाज_नाशिककर
नमस्कार मंडळी. आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या जोरात जुंपलीय, विषय हवामानबदल. काका रिटायर्ड मेकॅनिकल इंजिनिअर, सगळी नोकरी बॉयलरच्या पुढ्यात गेली, त्यामुळे 'शास्त्रज्ञ म्हणतात म्हणून' हे उत्तर त्यांना चालत नाही आणि खरं सांगू का, मलाही ते द्यायला बरं वाटत नाही. हवामान बिघडलंय हे ते मान्य करतात, कारण द्राक्षबाग घरचीच आहे, गोडी छाटणी उरकली की नेमका पाऊस टपकतो आणि डावणी रोग बाग खातो हे ते बघतात. त्यांचा मुद्दा एवढाच की हे माणसाने केलं कशावरून? दुर्गादेवीचा दुष्काळ बारा वर्षं पडला तेव्हा कुठे होत्या मोटारी? सूर्य कमीजास्त तापतो, ज्वालामुखी फुटतात, हिमयुगं आली नि गेली, त्यापुढे माणूस कुठल्या खिजगणतीत. आणि मग हुकमाचा एक्का, ज्यांनी हिमालयातला बर्फ २०३५ पर्यंत संपणार म्हणून सांगितलं त्यांचं काय ऐकायचं.

मला ९७ टक्के शास्त्रज्ञांचं एकमत वगैरे नकोय, ते मी टाकून बघितलं, उलट अंगावर आलं. हात कुणाचा आहे हे ओळखतात कसं तेवढं कुणी साध्या भाषेत सांगेल का? लिंका नकोत, काका उघडत नाहीत.

रानपाखरू
आला, वर्षातून एकदा येणारा धागा आला 😄 शंकासुर कुठे आहेत, त्यांच्याशिवाय मजा नाही. मी चहा टाकतो तोवर.

दगडफोड्या
चहाबाज, पेशाने भूशास्त्रवाला आहे, वणी-चंद्रपूरकडच्या कोळशात बरीच वर्षं घालवलीत, म्हणून लिहितो, थोडं लांबेल.

काका इंजिनिअर आहेत ना, मग आधी नुसता जमाखर्च मांडा. जगात कोळसा, तेल, गॅस किती जळतो हे अंदाजपंचे नसतं, तो विकला जातो, त्याच्या पावत्या फाटतात, टॅक्स लागतो. त्या हिशेबाने आपण वर्षाला साधारण ३७ अब्ज टन कार्बन डायऑक्साइड हवेत सोडतो. हवेतलं प्रमाण १ पीपीएमने (म्हणजे दहा लाखांत एक भागाने) वाढायला साधारण ७.८ अब्ज टन लागतो. भागाकार करा, पावणेपाच येतं. म्हणजे सगळा वायू हवेतच राहिला असता तर दरवर्षी पावणेपाच पीपीएमने आकडा चढला असता. प्रत्यक्षात चढतो अडीचच्या आगेमागे. बाकीचा गेला कुठे, तर समुद्राने आणि झाडाझुडपांनी गिळला. आता यातली मेख बघा. वाढ जर समुद्रातून किंवा ज्वालामुखीतून येत असती तर त्यांचा वाटा आपल्या वाट्यात मिळवून एकूण वाढ आपण सोडतो त्याहून जास्त दिसायला पाहिजे होती, ती तर निम्मीच दिसते. निसर्ग गोळाबेरजेत घेणारा आहे, देणारा नाही. माझ्या मते भांडण इथेच संपतं, पण काकांना एवढ्यावर समाधान होणार नाही म्हणून पुढचं.

कोळसा म्हणजे जुनी झाडं. आमच्याकडचा गोंडवाना कोळसा पंचवीस कोटी वर्षांहून जुना आहे. जिवंत झाडात कार्बन-१४ नावाचा किरणोत्सारी कार्बन थोडासा असतो आणि दर ५७३० वर्षांनी तो निम्मा होतो, म्हणजे कोळशात त्याचं नावनिशाण उरत नाही. दुसरं, झाडं हवेतून कार्बन घेताना हलका कार्बन-१२ जास्त उचलतात, कार्बन-१३ कमी, त्यामुळे कोळशात नि तेलात कार्बन-१३ कमी भरतो. ज्वालामुखीच्या वायूत तसा तो कमी नसतो. तर हवेत भर कसली पडतेय हे बघायचं असेल तर हवेतला कार्बन-१३ घटतोय का आणि कार्बन-१४ पातळ होतोय का हे मोजायचं. दोन्ही घटतायत. हान्स सूस नावाच्या माणसाने हे १९५५ मध्येच झाडांच्या कड्यांवरून दाखवलं होतं (नंतर अणुचाचण्यांनी हवेत कार्बन-१४ एवढा ओतला की हिशेब काही काळ उलटा झाला, तो वेगळाच किस्सा आहे). शिवाय ऑक्सिजनसुद्धा तेवढ्याच मानाने कमी होतोय, कारण जाळायला ऑक्सिजन लागतो. घाबरू नका, श्वासाला भरपूर आहे, पण मोजता येईल एवढा कमी होतोय. समुद्रातून नुसते बुडबुडे आले असते तर ऑक्सिजन असा खर्च झाला नसता.

आणि ही मोजमापं फक्त अमेरिकेत होतात असं नाही बरं का. हवाईच्या मौना लोआवर १९५८ पासून मोजतायत, तेव्हा ३१५ होतं, आता ४२० च्या वर गेलंय, ते सगळ्यांना माहीत असतं. पण गोव्यात काणकोणच्या बाजूला काबो द रामा आहे ना, किल्ला बघायला जातो आपण, तिथे १९९३ पासून काचेच्या बाटल्यांत हवा भरून ऑस्ट्रेलियाच्या प्रयोगशाळेत पाठवायचे, मधे काही वर्षं खंड पडला. जागा मुद्दाम तीच, कारण पावसाळ्यात तिथे थेट समुद्रावरचं वारं येतं आणि हिवाळ्यात जमिनीवरचं, त्यामुळे दोन्ही हवा एकाच कड्यावर तपासता येतात. आणि पुण्याच्या आयआयटीएमवाल्यांनी (हवामानावर संशोधन करणारी संस्था) २००९ पासून सिंहगडावर हवेचे नमुने घ्यायला सुरुवात केली. आपण पिठलं-भाकरी आणि मटक्यातलं दही खाऊन खाली येतो, तिथेच वर कुणीतरी बाटलीत हवा भरत असतो. पावसाळ्यात डोंगर हिरवा झाला की आकडा उतरतो, उन्हाळ्यात चढतो, आणि हे वरखाली होतहोत दरवर्षीची पायरी आधीपेक्षा वर. काकांना म्हणावं गडावर जा.

ज्वालामुखीचं म्हणाल तर आपण अख्खे लाव्हावरच बसलोय, सह्याद्री म्हणजे दुसरं काय. ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा तो उद्रेक चालू असता तर मीही काकांच्या बाजूने असतो. आज जगातले सगळे ज्वालामुखी मिळून वर्षाला एक अब्ज टनाच्या आतच कार्बन डायऑक्साइड सोडतात. आणि मोठा फुटला की उलट थंडी येते, १९९१ ला फिलिपाइन्समधला पिनाटुबो फुटला तेव्हा धुळीने नि गंधकाने ऊन अडलं आणि जग एखाददोन वर्षं अर्ध्या अंशाच्या आसपास गार झालं होतं.

शंकासुर
हजर आहे, रानपाखरू. चहा मलाही.

दगडफोड्यांचा हिशेब मला मान्य आहे, कार्बन आपला. पण कार्बन आपला म्हणजे ताप आपला हे कसं? इथेच सगळे उडी मारतात. तापमान मोजतात कुठे ते बघा. पुण्यात हवामान खात्याचं शिमला ऑफिस बांधलं तेव्हा, १९२८ च्या सुमाराला, भोवती काय होतं आणि आज काय आहे? चारी बाजूंनी सिमेंट, एसीची गरम हवा, उड्डाणपूल, मेट्रो. तिथला पारा चढला तर त्यात नवल काय. दुसरं, आयआयटीएमच्याच २०२० च्या अहवालात १९०१ ते २०१८ मध्ये भारताचं तापमान ०.७ अंश वाढलं असं आहे. जगाचं १ च्या वर सांगता. कार्बन डायऑक्साइड तर सगळीकडे सारखा पसरतो, मग भारताला सूट कसली? तिसरं ते २०३५, त्यावर कुणी बोलत नाही, सोयीस्करपणे. आणि एक लक्षात घ्या, ज्या देशांनी दीडशे वर्षं कोळसा जाळून बंगले बांधले तेच आता आम्हाला चूल विझवा म्हणतायत, मग संशय येणार नाही तर काय. मी काही पेट्रोल कंपनीचा माणूस नाही, पण मला प्रश्न पडतात.

तिसरी_घंटा
शंकासुर, २०३५ वर मी बोलते, कारण ती गोष्ट पूर्ण सांगितली जात नाही.

आयपीसीसीच्या (संयुक्त राष्ट्रांची हवामानबदलावरची समिती) २००७ च्या अहवालात ते वाक्य होतं हे खरं आहे. ते आलं होतं एका संस्थेच्या अहवालातून आणि त्याच्याही मागे एका मासिकातली मुलाखत होती, म्हणजे तपासलेलं संशोधन नव्हतंच. २००९ मध्ये आपले तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी विजयकुमार रैनांचा एक निबंध प्रसिद्ध केला, रैना म्हणजे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातले निवृत्त वरिष्ठ अधिकारी, आयुष्यभर हिमनद्यांवर चाललेला माणूस. आयपीसीसीचे अध्यक्ष आपलेच पचौरी, त्यांनी त्याची 'वूडू सायन्स' म्हणून खिल्ली उडवली. आणि दोन-तीन महिन्यांत, जानेवारी २०१० ला, आयपीसीसीलाच खेद व्यक्त करावा लागला. पचौरींचं वागणं उर्मट होतं, यात मला तरी शंका नाही.

पण ते वाक्य होतं कुठे? परिणाम कायकाय होतील त्या दुसऱ्या खंडात. तापमान का वाढतंय हा विषय पहिल्या खंडाचा, तिथे हे वाक्य नव्हतंच. चूक पकडली तीसुद्धा हिमनद्यांचा अभ्यास करणाऱ्यांनीच. हिमालय २०३५ ला संपणार नाही, पण हिमनद्या आक्रसतायत हे रैनांच्याही लिखाणात आहे, त्यांचा वाद वेगाबद्दल आणि कारणाबद्दल होता. एका चुकीच्या तारखेवरून अख्खं भौतिकशास्त्र रद्द करायचं म्हणजे फारच झालं.

शिमला ऑफिसचं: हा प्रश्न तुमच्याआधी रिचर्ड म्युलर नावाच्या बर्कलीच्या भौतिकशास्त्रज्ञाला पडला होता, आणि तो तुमच्यासारखाच संशयी होता. त्याने २०१० च्या सुमाराला सगळे आकडे नव्याने गोळा करून गणित केलं, पैसा काही प्रमाणात चार्ल्स कोक फाउंडेशनचा, म्हणजे तेल-कोळशात हात असलेल्या घराण्याचा. शहरी केंद्रं बाजूला काढून नुसती ग्रामीण ठेवून बघितली, जागतिक सरासरीत फरक पडेना. २०१२ ला त्याने जाहीर लिहिलं की वाढ खरी आहे आणि जवळजवळ सगळी माणसामुळे आहे. तो निकाल बघून ज्यांनी त्याला डोक्यावर घेतलं होतं त्यांनीच तोंड फिरवलं.

आणि अरबी समुद्रावर कुठलं सिमेंट आहे हो? ज्या अहवालातून तुम्ही ०.७ उचललंत त्याच अहवालात उष्ण कटिबंधातल्या हिंदी महासागराचा पृष्ठभाग १९५१ ते २०१५ मध्ये १ अंशाने तापल्याचं दिलंय.

धूमकेतू_पंचाहत्तरी
मी निवृत्त शिक्षक, भौतिकशास्त्र शिकवायचो. सूर्याचं राहिलंय ते लिहितो.

कोडाईकनालच्या वेधशाळेत विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून सूर्याचे फोटो काढून ठेवलेत, डाग मोजता येतात. १९७८ पासून उपग्रहही सूर्याची शक्ती मोजतात. अकरा वर्षांच्या चक्रात ती एक दशांश टक्क्याच्या आसपास वरखाली होते, पण १९८० नंतर तिचा एकूण कल वर नाही, झालाच तर किंचित खाली, आणि नेमकं त्याच काळात तापमान सगळ्यात जास्त वाढलं. आता चोर कोण ते ओळखायची युक्ती ऐका, ही माझी फार आवडती आहे. सूर्य जास्त तापला तर वातावरण खालपासून वरपर्यंत सगळंच तापायला हवं. पण कार्बन डायऑक्साइड वाढला तर खालचा थर तापतो आणि वरचा स्थितांबर गार पडतो, कारण तिथे तोच वायू उष्णता बाहेर फेकायचं काम करतो. हे स्युकुरो मानाबेने १९६७ मध्ये गणिताने काढलं होतं, मोजमाप व्हायच्या कितीतरी आधी. पुढे मोजलं, खाली ताप नि वर गारवा. (वरच्या गारव्यात ओझोन घटल्याचाही भाग आहे, पण जितकं वर जावं तितका कार्बनचा हात जास्त.) मानाबेंना २०२१ ला नोबेल मिळालं.

'कार्बन आपला म्हणून ताप आपला कसा' याला सरळ उत्तरही आहे. १९७० च्या एका उपग्रहाने पृथ्वीवरून बाहेर जाणारी उष्णता रंगपट्टीनुसार मोजली होती, १९९७ ला जपानच्या उपग्रहावरून पुन्हा मोजली. नेमक्या कार्बन डायऑक्साइड नि मिथेनच्या पट्ट्यांत बाहेर जाणारी उष्णता कमी भरली.

आणि काकांना कॅलेंडरची गोष्ट सांगा, गाय कॅलेंडर, हाही वाफेचा इंजिनिअर होता. १९३८ मध्ये रिकाम्या वेळात जगभरच्या केंद्रांचे आकडे हाताने जमवून त्याने लिहिलं की कोळशामुळे जग तापतंय. तेव्हा आयपीसीसी नव्हती, ती १९८८ ची. संयुक्त राष्ट्रंही नव्हती. त्याच्याही आधी १८९६ मध्ये स्वीडनच्या अऱ्हेनियसने हिशेब करून ठेवला होता, फक्त त्याला वाटलं थंड देशांचं त्यात भलंच होईल.

शंकासुर
गुरुजी, स्थितांबराचं माहीत नव्हतं, वाचतो. पण भारताला ०.७ च का याचं उत्तर अजून आलेलं नाही, समुद्राकडे नेऊन विषय बदलला.

दगडफोड्या
याचं उत्तर माझ्या मते या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे. माणसाचा हात एक नाही, दोन आहेत आणि ते एकमेकांच्या उलट चालतात. कार्बन तापवतो. आणि त्याच चिमणीतून निघणारा गंधकाचा धूर, गाड्यांचा, शेतातल्या धसकटाच्या जाळाचा, वीटभट्ट्यांचा, तो हवेत तरंगून ऊन अडवतो म्हणजे बव्हंशी थंड करतो. उत्तर भारतावर हिवाळ्यात ते धुरकं कसं बसलेलं असतं बघा, विमानातून खालचं काही दिसत नाही. शिवाय कालव्याच्या पाण्याने ओली राहणारी शेतंही थोडा गारवा देतात. तुम्ही सांगितलेल्या अहवालातच आहे की ०.७ ची वाढ मुख्यतः हरितगृह वायूंमुळे आणि ती काही प्रमाणात या धुरक्याने नि जमिनीच्या वापरातल्या बदलाने झाकली गेली. म्हणजे सूट नाही, उधारी आहे.

आणि हा धूर पाऊसही खातो. मोसमी पाऊस येतो तो जमीन समुद्रापेक्षा जास्त तापते म्हणून, धुराने जमीन तापेना आणि तिकडे समुद्र तापला, फरक कमी झाला. १९५१ ते २०१५ मध्ये मोसमी पाऊस सहा टक्क्यांच्या आसपास घटला, त्यात गंगेचं खोरं आणि आपला पश्चिम घाट पुढे. पण गंमत अशी की त्याच काळात मध्य भारतात मोठ्या टापूवर एकदम कोसळणारे पाऊस तिपटीने वाढले, हे रॉक्सी कोल वगैरे पुण्याच्याच मंडळींनी २०१७ मध्ये दाखवलं. एकूण कमी, पण पडतो तेव्हा बदाबदा. द्राक्षवाल्यांना हे वेगळं सांगायला नको.

दुर्गादेवीच्या दुष्काळाचं तेवढं राहिलं. पाऊस दगा देणं हे इथे जुनंच आहे, १६३० चा दुष्काळ घ्या, १८७६ चा घ्या, त्यातल्या १८७७ ला तर जबरदस्त एल निनो होता. ते नैसर्गिक होतं यावर वाद नाही. पण तो एका प्रदेशातल्या पावसाचा प्रश्न. इथे चाललंय ते सगळ्या पृथ्वीच्या सरासरीबद्दल, एल निनो ती वर्षा-दोन वर्षांसाठी हलवतो आणि परत सोडतो.

मिठीकाठी
सगळं वाचलं, छान चाललंय, पण माझं जरा वेगळं. मी मुंबईत गटारांच्या कामात असतो, सिव्हिलवाला. आजकाल प्रत्येक गोष्टीला 'क्लायमेट चेंज' म्हणायची जी पद्धत पडलीय ना त्याचा मला वैताग येतो, कारण त्याआड बरेच जण लपतात. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिमी पडला आणि त्याच दिवशी कुलाब्याला ७३-७४. एवढा पाऊस कुठल्याही शहराला झेपला नसता हे मान्य, पण मिठीचं पात्र दाबून दोन्ही काठांना भराव कुणी घातला, धावपट्टीसाठी नदी वाकडी कुणी केली, खारफुटी कुणी तोडली? तोही 'मानवनिर्मित'च, पण त्याला मौना लोआपर्यंत जायला लागत नाही, फाइल काढली की सही सापडते. तसंच २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं, तेव्हा सगळीकडे हवामानबदलावर लेख, आणि उसाबद्दल अळीमिळी गुपचिळी.

म्हणजे काकांसारख्या माणसांचा संशय कुठून येतो ते मला कळतं. नाला साफ नाही झाला की साहेब आभाळाकडे बोट दाखवतो, मग लोकांना वाटतं हे सगळंच थोतांड.

तिसरी_घंटा
मिठीकाठी, शंभर टक्के पटलं. पण उलट टोकालाही जाऊ नका. काही घटनांचा हिशेब आता वेगळा काढता येतो. २०२२ च्या मार्च-एप्रिलमधली उष्णतेची लाट घ्या, गहू दाण्यात भरायच्या आधीच करपला आणि मे मध्ये सरकारने निर्यात थांबवली. तापमानवाढ नसलेलं जग आणि आताचं जग यांची मॉडेलवर तुलना करून अभ्यासकांनी काढलं की अशी लाट येण्याची शक्यता ३० पटीने वाढली होती. त्यात कुठल्या नाल्याचा संबंध नाही.

चहाबाज_नाशिककर
मंडळी, दंडवत. दगडफोड्यांचा जमाखर्च मी ग्रुपवर तसाच्या तसा टाकला. काकांनी भागाकार स्वतः करून बघितला, ४.७४ आलं म्हणाले, आणि कार्बनबद्दल पुढे काही बोलले नाहीत. पण त्यांनी धुराचं बरोब्बर उचललं, आता म्हणतात मग सोपं आहे, धूर वाढवा, थंड होईल, उगाच चिमण्यांना फिल्टर कशाला लावता 🙈 याला काय सांगू?

दगडफोड्या
हाहा, काका भारी आहेत. त्यांना सांगा धूर एकदोन आठवड्यांत पावसाबरोबर खाली येतो, कार्बन डायऑक्साइडचा मोठा भाग शतकानुशतकं वर राहतो. म्हणजे कार्बन साठत जाणार आणि तो झाकायला दरवर्षी आणखी धूर लागणार, आणि तो आपल्याच फुप्फुसात जाणार. वर पाऊस घटतो ते वेगळंच. उलट प्रयोग झालेलाही आहे, २०२० पासून जहाजांच्या इंधनातलं गंधक साडेतीन टक्क्यांवरून अर्ध्या टक्क्यावर आणलं, हवा सुधारली आणि झाकलेला ताप थोडा उघडा पडला. फिल्टर लावायचेच, पण त्याबरोबर कोळसाही उतरवला नाही तर हीच गत व्हायची.

शंकासुर
ठीक आहे. कार्बन माणसाचा, ताप त्याचा, एवढं आज धरून चालतो, मॉडेलवाल्यांच्या पुढच्या भविष्यांवर माझा अजून भरवसा नाही. पण 'माणूस' म्हणजे कोण हो? अमेरिकेचा माणूस वर्षाला १४ टनांच्या आसपास सोडतो, आपला जेमतेम २ टन, आणि त्या २ टनांत अँटिलियावाला पण आला आणि मेळघाटातली चूल पण आली. 'मानवनिर्मित' म्हटलं की सगळे एका रांगेत उभे, हे मला जास्त खटकतं.

मिठीकाठी
+१. हे आधी बोलायचं.

दगडफोड्या
शंकासुर, त्याचा वेगळा धागा काढा, इथे अवांतर होईल. आणि नुसता चालू वर्षाचा आकडा घेऊ नका, १८५० पासूनचा एकूण घ्या, हवेत साठलेला तोच आहे. मी येतो तिकडे, या खेपेला बहुतेक तुमच्या बाजूने.